अकरा ओळींच्या प्रोग्रामची पत्रिका

आमच्या दुकानात जन्मलेल्या प्रोग्रामच्या ओळी होत्या अकरा आणि त्याच्या डोक्यावर नावं होती त्रेपन्न माणसांची. त्या त्रेपन्नात माझं नाव नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं आणि मी काही मोठ्या मनाची वगैरे बाई नाही.

वरवट बकालला आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे पाटीवर नवऱ्याचं नाव आणि खुर्चीवर मी. अठरा वर्षं मी तिथे लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, सप्ताहाची पत्रकं आणि बैल हरवल्याच्या जाहिराती टाइप करते आहे. दर रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून तिथे लिनक्सवाल्यांची बैठक भरते. जे सॉफ्टवेअर कोणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, बदलावं आणि पुढे वाटावं, ते गावोगाव पसरवायचं, असं या मंडळींचं ध्येय आहे. अजून ते आमच्या दुकानाच्या समोरच्या गल्लीतही पसरलेलं नाही, पण उत्साह दांडगा.

कायमचे सभासद तीन. एक माझा नवरा. दुसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर; दुकानातल्या हात असलेल्या एकमेव खुर्चीवर ते बसतात म्हणून अध्यक्ष. तिसरे मोबाईल दुरुस्तीवाले भाईजान, ज्यांना खरोखर काही येतं आणि म्हणून ते कमी बोलतात. बाकीचे चहाच्या सुमाराला उगवतात आणि कप ठेवून मावळतात. मी सभासद नव्हते. मी दुकानात होते, एवढंच.

प्रोग्राम कशासाठी होता तेही सांगते. पूर्वी आम्ही मराठी ज्या जुन्या फॉन्टात टाइप करायचो, त्यातला मजकूर फोनवर पाठवला की त्याचा पार चुथडा होतो. आपण ‘शुभविवाह’ पाठवावा आणि समोरच्याला कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं दिसावीत. अठरा वर्षांचं माझं काम अशा फॉन्टात अडकून पडलं होतं. तेव्हा मास्तरांनी मनावर घेतलं आणि जुन्याचं नवीन करणारा प्रोग्राम लिहिला. अकरा ओळी. त्या अकरा ओळी करतात काय, तर एक तक्ता उघडतात, कुठल्या जुन्या खुणेचं कुठलं नवीन अक्षर ते त्यात पाहतात, बदलतात आणि तक्ता बंद करतात. तो तक्ता चारशे बारा ओळींचा आहे आणि तो मी केला. भर उन्हाळ्यात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, एकेक खूण आठवून. कुठल्या कळेत अर्धा ‘श’ आहे आणि कुठल्या कळेत रफार, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मास्तर म्हणाले, “वा वहिनी, एवढं तं कोनत्या पुस्तकातई नाई!” आणि तक्ता पेनड्राइव्हवर घेऊन गेले.

मग परवान्याचा रविवार आला. भाईजानांनी समजावलं की असा प्रोग्राम नुसता मोकळा सोडून चालत नाही, त्याला परवाना जोडावा लागतो आणि सगळ्यात वर हक्क कोणाचा ते नाव लिहावं लागतं.

“कोनाचं टाका लागते?” नवऱ्याने विचारलं.

“ज्यायनं ज्यायनं हात लावला त्यायचं,” मास्तर म्हणाले. “एकबी सुटलं नाई पाह्यजे. लोकं रुसतेत.”

आता आमच्या दुकानात नावं लिहायची एकच पद्धत माहीत आहे. पत्रिकेची. मी कीबोर्डवर बसले आणि ते दोघं सांगत गेले. सगळ्यात वर कुलस्वामिनी प्रसन्न. त्याखाली ‘आशीर्वाद’ म्हणून नवऱ्याचे आजोबा, नावापुढे कै. लावून. मग ‘निमंत्रक’ मास्तर. मग ‘व्यवस्थापक’ नवरा आणि भाईजान. मग चहाला न चुकता उगवणारे तिघं. मग ज्यांनी बैठकीसाठी एक्स्टेन्शन बोर्ड दिला ते शेजारी. मग साखरखेर्ड्याचे आमचे जावई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान, ज्यांनी कॉम्प्युटरला फक्त एकदा, दिवाळीत, हात लावला होता आणि तोही पडदा पुसायला. पण जावई तो जावई. मग ‘विशेष सहकार्य’, मग ‘स्नेहांकित’. सगळ्यात खाली ‘किलबिल’, त्यात मास्तरांचा आठ महिन्यांचा नातू आणि त्याच्या नावाने एक ओळ: आमच्या आबांचा प्रोग्राम वापरायचा हं! माझ्या बोटांना सवय इतकी, की शेवटी ‘कृपया आहेर आणू नये’ हेही पडून गेलं. मी पुसायला गेले, तर मास्तरांनी माझा हात धरायचाच बाकी ठेवला.

“राहू द्या वहिनी! हेच तं आपलं धोरन हाय. फुकट घ्या, काई देऊ नका.”

बावन्न नावं झाली. मी थांबले. खरं सांगते, मला वाटत होतं की आता कोणीतरी म्हणेल. मी स्वतःच टाइप करत होते, एक ओळ घुसडायला किती वेळ लागला असता? पण आपल्या हाताने आपलं नाव टाकणं म्हणजे पंगतीत आपणच आपल्याला आग्रह करणं. म्हणून मी विचारलं, “अजून कोणी राहिलं का?”

मास्तरांनी डोळे मिटले. कपाळाला बोट लावलं. मग एकदम डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “अरे बापा! राह्यलं ना!”

माझ्या काळजात लख्ख झालं.

“चहावाला!” मास्तर म्हणाले.

मी चहावाल्याचं नाव टाइप केलं. त्याच्या नावात रफार होता, तो जरा जोरात मारला. त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ घातलं नाही. नवऱ्याने काही न बोलता वरून घेतलं, म्हणजे त्याला कळलं नव्हतं. कळलं असतं तर बोलला असता.

पुढे दोन वर्षं प्रोग्राम इंटरनेटवर नुसता पडून होता. मग एक दिवस पुण्याहून एका ताईंचा मेल आला. मराठी टायपिंगच्या मोकळ्या साधनांचा एक मोठा संच त्यांचा गट चालवतो. आमचा तक्ता त्यांना फार आवडला होता, इतका अचूक तक्ता पाहिला नाही म्हणे. नव्या आवृत्तीत आमचा प्रोग्राम घ्यायची त्यांची इच्छा होती. फक्त त्यांच्या संचाचा परवाना वेगळा आहे, तेव्हा आमचा परवाना बदलावा लागेल आणि त्यासाठी वर नावं असलेल्या सगळ्या हक्कदारांची लेखी संमती हवी. महिनाअखेरपर्यंत. ताईंनी नम्रपणे दोन शंकाही विचारल्या होत्या. पहिल्या हक्कदारांच्या नावापुढे कै. आहे, त्यांची संमती कशी घेणार? आणि ‘आहेर आणू नये’ ही परवान्यातली जादा अट आहे का?

मास्तरांनी मेल मोठ्याने वाचला. “सगळ्यायची सही काऊन बा?”

भाईजानांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “मास्तर, सातबारा समजा. सातबाऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्या सह्या. एक जरी अडला तं सौदा हुकला.”

सातबारा म्हटल्याबरोबर सगळ्यांना सगळं समजलं. नवऱ्याने हळूच विचारलं, “मंग आजोबाचे वारस लावा लागतीन का?” ते मात्र लागले नाहीत. ताईंनी आजोबांना सूट दिली, त्यांना फक्त आशीर्वादापुरतं ठेवलं आणि आहेराची ओळ काढायला सांगितली. बाकी बावन्न.

सह्या गोळा करायचं काम कोणाकडे आलं असेल? मास्तरांना शाळा होती. भाईजानांकडे फोनांचा ढीग होता. नवऱ्याला आठवेना की यादीतल्या अर्ध्या लोकांची नावं त्याने का घातली, त्यामुळे त्यांच्यासमोर जायला त्याला लाज वाटत होती. “तू जाय ना,” तो म्हणाला. “तुले लोकं नाई म्हनत नाईत.” मी अर्ज छापला आणि निघाले. ज्या पत्रिकेत आपलं नाव नाही तिची आमंत्रणं वाटत फिरावं, तसा माझा तो पंधरवडा गेला.

चहावाल्याने अर्ज उलटा धरून वाचला आणि विचारलं, “वहिनी, जमीन कोनत्या शिवारात हाय?” जमीन नाही म्हटल्यावर तो हिरमुसला, पण सही केली आणि तिच्याखाली दुकानाचा शिक्काही मारला. एक्स्टेन्शन बोर्डवाल्या शेजाऱ्यांनी सही करायच्या आधी बोर्ड परत मागितला. तो दोन वर्षं आमच्याकडेच होता. मास्तरांचा नातू आता चांगला पळायला लागला होता. त्याच्या अंगठ्याला शाई लावली, तर त्याने पहिला ठसा अर्जावर दिला आणि पुढचे सात मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. यादीतले एक सर बदली होऊन हिवरा आश्रमला गेले होते. त्यांच्याकडे मी एसटी बदलत बदलत गेले. त्यांना प्रोग्राम आठवत नव्हता, आम्हीही आठवत नव्हतो, पण जेवल्याशिवाय सोडलं नाही. ताटावर बसून त्यांनी सही केली, त्यामुळे अर्जावर वरणाचा एक डाग आहे. पुण्याच्या ताईंना मी तो तसाच पाठवला.

महिना संपायला पाच दिवस होते आणि एक्कावन्न सह्या झाल्या होत्या. उरले साखरखेर्ड्याचे जावई.

जावई दोन वर्षांपासून रुसलेले होते आणि कारण आमची यादीच होती. ती त्यांनी त्यांच्या फोनवर पाहिली होती आणि मोजली होती. त्यांचं नाव नववं होतं, एक्स्टेन्शन बोर्डाच्या खाली. तेव्हापासून ते आमच्याकडे आले नव्हते. राखीला नणंद एकटीच यायची. आल्या आल्या सांगायची, “त्यायचं काई इचारू नका,” आणि मग जेवण होईपर्यंत त्यांचंच सांगायची.

या वेळी मी नवऱ्याला सोडलं नाही. आम्ही दोघं वरवटहून शेगाव, शेगावहून खामगाव, तिथून चिखली आणि चिखलीहून साखरखेर्डा असे चार एसट्या बदलून पोचलो. सोबत टोपी-दुपट्टा, नारळ आणि अर्ज. नवरा वाटभर बोलणं पाठ करत होता.

जावई ओट्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि लगेच आकाशाकडे पाहायला लागले. आकाशात काही नव्हतं. नवऱ्याने पाय धरले, टोपी घातली, दुपट्टा गळ्यात टाकला. जावयांनी ते सगळं करून घेतलं आणि मग म्हणाले, “सही देत नाई.”

“भाऊजी, चुकलं ना आमचं,” नवरा म्हणाला.

“चुकलं म्हनून होते का? तुमच्या घराचा जवाई मी. अन् माह्या वरतं कोन? वायरवाला! लोकं हासून राह्यले मले.”

“भाऊजी, पुण्याचे लोकं थांबले हायत...”

“थांबू दे. मीबी दोन वर्सं थांबलो. नववा! नववा नंबर दिला मले!”

हे ‘नववा’ त्यांनी पाच-सहा वेळा म्हटलं असेल. चार एसट्यांची धूळ माझ्या केसांत होती, वरणाचा डाग डोळ्यांपुढे होता आणि चहावाल्याचा रफारही. माझा तोल गेला. जावयांशी आमच्या घरात मोठ्या आवाजात कोणी बोलत नाही, पण मी बोलले.

“भाऊजी, तुमचं नववं तरी आहे! माझं तर नावच नाही!”

नणंद आतून चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“कोनाचं नाव नाई?” जावयांनी विचारलं.

“माझं. चारशे बारा ओळींचा तक्ता केला मी. यादीही मीच टाइप केली. चहावाल्याचं टाकलं, तुमचं टाकलं, मास्तरांच्या तान्ह्या नातवाचं टाकलं. माझं कोणी म्हटलंच नाही.”

एवढं बोलून मला रडू आलं. मला त्याचा रागच आला, कारण रडायचं मी ठरवलं नव्हतं.

जावयांनी चष्मा लावला. माझ्या हातातली यादी घेतली आणि बोट ठेवून वरून खालपर्यंत गेले. मग खालून वर. मग किलबिल पुन्हा एकदा तपासली, जणू मी तिथे सापडेन. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी यादीची घडी केली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“काय बे?” ते म्हणाले.

नवरा म्हणाला, “घरचं मानूस हाय ना भाऊजी... घरच्याचं नाव कोन टाकते...”

“वायरवाल्याचं टाकतं अन् हिचं टाकत नाई? दोन वर्सं ही बाई काई बोलली नाई?”

“नाई.”

“बापा!” जावई म्हणाले. त्यांच्या आवाजात मला आदर ऐकू आला, खोटं नाही सांगत. हा माणूस उभ्या आयुष्यात भाताच्या मुदीवरून, आंब्याच्या फोडीवरून, लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात उभं केल्यावरून रुसला होता. रुसण्यातलं त्याच्याएवढं कळणारा माणूस जिल्ह्यात नसेल. माझं दुखणं खरं आहे हे सगळ्यात आधी त्यालाच कळलं. लोकांनी मला आजवर समजूतदार म्हटलं होतं. माझ्या बाजूने रुसलेलं मात्र कोणी नव्हतं.

“आता सही आजाबात नाई,” ते म्हणाले. “माह्यासाठी नाई. हिच्यासाठी. हिचं नाव लागू दे, मंग पाहू.”

परतीला पुन्हा चार एसट्या. चिखलीच्या स्टँडवर नवऱ्याने मला न विचारता भजी आणून दिली. खामगावला म्हणाला, “म्या कधी ध्यानातच घेतलं नाई.” मी म्हटलं, “हो, नाही घेतलंस.” शेगावपर्यंत मग भजी दोघांनी खाल्ली.

रविवारी बैठक भरली. नवऱ्याने उभं राहून सगळं सांगितलं. मास्तर खुर्चीवरून उठले, मग काय करावं न सुचून परत बसले, मग पुन्हा उठले. भाईजान कपाळावर हात मारून म्हणाले, “या अल्ला! जमीन भाभीची, अन् सातबाऱ्यावर बांधावरचे त्रेपन्न! सगळ्यात पयले तं भाभीचीच सही पाह्यजे होती. पुण्यावाल्यायनं हे पकडलं असतं तं काय तोंड दाखवलं असतं?”

आणि मग त्यांनी आपल्याला येतं तेच केलं. मास्तर घरी जाऊन टोपी बदलून आले. नवऱ्याने हळदीत तांदूळ कालवले. तिघं माझ्या टेबलापुढे रांगेत उभे राहिले आणि कीबोर्डवर अक्षत ठेवून मला रीतसर आमंत्रण दिलं, सहकुटुंब सहपरिवार. त्यातला एक दाणा स्पेसबारखाली गेला, तो अजून तिथेच आहे.

“वहिनी, कुठं टाकू नाव?” मास्तरांनी विचारलं. “व्यवस्थापकात का विशेष सहकार्यात?”

“पहिलं,” मी म्हटलं. “कुलस्वामिनीच्या खाली, सगळ्यांच्या वर.”

मास्तरांनी मान हलवली. मी खुर्ची पुढे ओढली आणि टाइप करायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या खुर्चीवर मी हजारो लोकांची नावं टाइप केली, पण स्वतःचं कधीच नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव कुठे छापलंच गेलं नव्हतं. पहिल्यांदा एक अक्षर चुकलं, मग नीट आलं.

यादी पुण्याला गेली आणि साखरखेर्ड्यालाही गेली. महिना संपायला एक दिवस होता. दुपारी फोन वाजला. जावयांनी अर्जाचा फोटो पाठवला होता. सही ठसठशीत होती, आणि सहीखाली चार ओळी, त्यांच्याच अक्षरात:

“यादी मोजली. तुमचं नाव पयलं हाय. मी नवव्याचा दहावा झालो. तरी सही केली, ध्यानात ठेवजा.”

मी ध्यानात ठेवलं आहे.